हँडब्रेक आवळण्याआधी ड्रम उघडा

तुळजापूरला देवीच्या दर्शनाला गेलो होतो. घाट चढून वर आल्यावर चढाच्या रस्त्याकडेला गाडी लावली, हँडब्रेक पार वरपर्यंत ओढला आणि सासूबाईंना उतरवून घ्यायला मागचे दार उघडले. त्यांचा एक पाय जमिनीवर आणि एक गाडीत असताना गाडी मागे सरकली. वीतभरच, पण सरकली. शेजारचा नारळवाला पळत आला आणि त्याने चाकामागे दगड लावला. गिअरमध्ये ठेवायची विसरले होते, ही चूक माझीच. पण हँडब्रेकने धरायला हवे होते, आणि त्याने धरले नाही.

सोलापुरात परतल्यावर एका गॅरेजमध्ये दाखवले. पाच मिनिटांत केबल आवळून मिळाली. दांडा ओढताना चौथ्या खटक्याला, म्हणजे चौथ्या 'कट्' आवाजाला, हँडब्रेक धरू लागला, मी निश्चिंत झाले. चार महिन्यांत खटके पुन्हा नवावर गेले. पुन्हा आवळून आणली. मग एप्रिलच्या एका दुपारी विजापूर रस्त्यावरून जुळे सोलापूरला घरी येताना जळका वास येऊ लागला. उतरून पाहिले, तर मागच्या डाव्या चाकाजवळ हात धरवेना.

आमच्या शेजारी एक मामा राहतात, एसटीच्या कार्यशाळेत आयुष्य घालवून निवृत्त झालेले. त्यांनी गाडीखाली वाकून पाहिले आणि म्हणाले, "दोनदा केबल आवळून आणलीस होय पोरी? आत काय चाललंय ते आधी बघायचं की." त्या आठवड्यात त्यांच्यासमोर बसून मी पहिल्यांदा मागचा ड्रम उघडला. तेव्हापासून हे काम मी घरीच करते. इथे लिहिते आहे ते त्याच क्रमाने, कारण या कामात क्रमच महत्त्वाचा आहे: आधी शू, शेवटी केबल.

आत काय असते

बहुतेक छोट्या गाड्यांत मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतो. लोखंडी ड्रम चाकाबरोबर फिरतो. त्याच्या आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू असतात आणि त्यांच्या बाहेरच्या बाजूला लायनर, म्हणजे ड्रमवर घासून चाक थांबवणारा थर, चिकटवलेले असते. पायाचा ब्रेक दाबला की वरच्या व्हील सिलिंडरमधले पिस्टन शू फाकवतात. हँडब्रेक हेच काम केबलने करतो: मागच्या शूला एक छोटी लिव्हर जोडलेली असते, केबल ती ओढते, आणि मधल्या आडव्या पट्टीच्या आधाराने दोन्ही शू बाहेर ढकलले जातात. म्हणजे शू तेच, फक्त त्यांना हलवणारे हात दोन.

लायनर झिजले की शू आणि ड्रममधले अंतर वाढते. ते भरून काढायला त्या आडव्या पट्टीवरच अ‍ॅडजस्टर असतो. काही गाड्यांत ते आट्यांवर फिरणारे दातेरी चाक असते, काहींत दाते असलेली पट्टी. अंतर वाढले की ब्रेक वापरताना तो आपोआप एकेक दाता पुढे सरकतो.

आता केबल जास्त आवळली की काय होते ते पाहा. हँडब्रेक खाली असतानाही आतली लिव्हर थोडी ओढलेलीच राहते, पूर्ण मागे येऊन टेकत नाही. त्यामुळे अ‍ॅडजस्टरला खरे अंतर कळतच नाही आणि तो दाता घेत नाही. लायनर झिजत राहते, अंतर वाढत राहते, आपण केबल आणखी आवळतो. शेवटी एखादे चाक घासायला लागते. माझ्या गाडीत नेमके हेच झाले होते. त्यात अ‍ॅडजस्टर गंजून जाम होता, त्यामुळे कितीही केबल आवळली तरी दुखणे आतच राहणार होते.

घरी करायचे की नाही

ज्या गाडीत ओढायचा हँडब्रेक नसून बटण आहे, तिच्या मागच्या ब्रेकला घरी हात लावू नका. त्यात मोटर असते आणि ती मागे घ्यायला बहुधा स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायचे यंत्र, लागतो. मागे डिस्क ब्रेक असलेल्या गाड्यांची रचनाही वेगळी, ती या लेखात नाही. ड्रम असूनही मध्यभागी मोठा नट असेल, म्हणजे ड्रम आणि हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) एकच असेल, तर तो नट फार जोराने आवळलेला असतो आणि बऱ्याच गाड्यांत एकदा काढला की नवाच लावावा लागतो. टॉर्क पाना, म्हणजे ठरावीक जोराने आवळणारा पाना, हाताशी नसेल तर तेवढे काम गॅरेजकडून करून घ्या आणि समोर उभे राहून पाहा. ज्या ड्रमला मध्ये नट नाही आणि चाक काढले की तो नुसता हबवर बसलेला दिसतो, तो घरी उघडायला सोपा.

पाना हातात घेण्याआधी आजार ओळखा. सपाट जागी हँडब्रेक सावकाश ओढा आणि खटके मोजा. गाडीच्या पुस्तकात किती खटक्यांना धरावा ते दिलेले असते. अनेक छोट्या गाड्यांत ते चार ते सातच्या आसपास असते. मग इंजिन चालू ठेवून पायाचा ब्रेक दाबा. पहिल्यांदा पॅडल खोल गेले आणि लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर वर आले, तर मागच्या शूंमध्ये अंतर पडले आहे असे धरायला हरकत नाही. पॅडल व्यवस्थित आहे पण हँडब्रेकचे खटके जास्त आहेत, तर केबल ताणली गेली असण्याची शक्यता मोठी. खटके बरोबर आहेत आणि तरी गाडी धरत नाही, तर लायनरवर ब्रेक ऑइल किंवा ग्रीस लागले असेल, लायनर काचेसारखे गुळगुळीत झाले असेल किंवा एका बाजूची केबल जाम असेल. यातल्या कुठल्याही बाबतीत ड्रम उघडावाच लागतो. पॅडल वारंवार खोल जात असेल किंवा ब्रेक ऑइलची पातळी उतरत असेल, तर मात्र गाडी चालवू नका, ते आधी तपासून घ्या.

जागा आणि वेळ

काम सकाळी करा. ड्रम तापलेला असला की प्रसरण पावतो. त्या मापाने शू बसवले तर थंड झाल्यावर घासतात. सोलापूरच्या मे महिन्यात उन्हात उभी राहिलेली गाडीसुद्धा चांगली तापते, म्हणून मी आदल्या रात्रीपासून गाडी सावलीत ठेवते आणि सहा वाजता सुरू करते.

आपल्याकडे अंगणात शहाबादी फरशी असते. तिच्याखाली पोकळी राहिली असेल तर जॅकच्या एका टोकावर सगळे वजन येऊन फरशी तडकते आणि जॅक कलतो. बोटाने ठोकून पाहा, पोकळ आवाज आला तर जागा बदला, आणि भक्कम फरशीवरही जॅकखाली जाड फळी ठेवाच. डांबरी रस्त्यावर तर फळीशिवाय नकोच, उन्हाळ्यात डांबर मऊ होऊन जॅक रुततो.

लागणारे सामान: जॅक, दोन स्टँड, पुढच्या चाकांना लावायला लाकडी ठोकळे, चाकाचा पाना, लहान पान्यांचा संच, पक्कड, लांब आणि आखूड स्क्रू ड्रायव्हर, रबरी किंवा लाकडी हातोडा, गंज सोडवणारा स्प्रे, ब्रेक क्लीनर, जास्त तापमानाला टिकणारे ग्रीस, पॉलिश पेपर, चष्मा, मास्क. स्टँड नसतील तर काम करू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात-पाय घालायचे नाहीत, विटा रचून तर मुळीच नाही. वीट भाराखाली फुटते आणि फुटण्याआधी सांगत नाही.

उघडताना

पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. इंजिनचा जोर पुढच्या चाकांना जाणाऱ्या गाडीत मागची चाके यानेही मोकळी फिरतात, म्हणून काम अडत नाही. हँडब्रेक पूर्ण खाली करावा लागणार आहे, त्यामुळे गाडीला धरून ठेवणारे हे ठोकळे आणि गिअर एवढेच आहेत हे लक्षात असू द्या. चाकाचे नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. मग गाडी पुस्तकात दाखवलेल्या जागी उचला, स्टँडवर टेकवा, हलवून पाहा, मग चाके काढा.

आता ड्रमकडे जायच्या आधी केबल ढिली करा. बऱ्याच गाड्यांत हँडब्रेकच्या दांड्यामागे प्लॅस्टिकच्या झाकणाखाली एक नट आणि त्यात आट्यांची काडी दिसते. काहींत हा जोड गाडीच्या पोटाखाली असतो. नटाच्या बाहेर किती आटे दिसतात त्याचा फोटो काढा, मग नट सैल करत जा, केबलमध्ये लोंबकळ दिसेपर्यंत. ही पायरी गाळली तर पुढचे सगळे माप चुकते.

ड्रमच्या तोंडावर बहुधा दोन रिकामी आट्यांची भोके असतात. त्यांत ८ मिलिमीटरचे बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे फिरवले की ड्रम सरळ बाहेर ढकलला जातो. एकच बोल्ट जोराने फिरवला तर ड्रम तिरका अडकतो. हबच्या जोडावर गंजाचा स्प्रे मारून दहा मिनिटे थांबलात तर निम्मे काम तोच करतो. तरीही येत नसेल, तर ड्रमच्या आतल्या कडेला झिजेमुळे उभी राहिलेली धार शूंना अडकते आहे. अशा वेळी शू ज्यावर बसवलेले असतात त्या मागच्या पत्र्यातल्या रबरी बुचाच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हरने अ‍ॅडजस्टर मागे घ्यायचा. लोखंडी हातोड्याने ड्रमच्या कडेवर ठोकू नका. बिडाचा ड्रम तडकतो, आणि ती चीर रंगाखाली लपून राहते.

आतली काळी धूळ फुंकू नका, हवा मारू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि नवी धूळही फुप्फुसाला चांगली नाही. मास्क लावा, ब्रेक क्लीनरने ओली करा आणि चिंधीने टिपून घ्या. ती चिंधी घरातल्या इतर चिंध्यांत मिसळू नका, पिशवीत बांधून टाकून द्या.

आणि ड्रम बाहेर असताना कोणीही ब्रेक पॅडल दाबायचे नाही. दाबले की व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतात, ऑइल सांडते, आणि मग ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढण्याचे काम वाढते. मी स्टीअरिंगला चिठ्ठी बांधते. लहान मुले गाडीत चढून बसतात, म्हणून दारेही लावून घेते.

एका वेळी एकच बाजू

नव्याने करणाऱ्यासाठी यापेक्षा मोठा सल्ला माझ्याकडे नाही. एक बाजू खोला, दुसरी तशीच बंद ठेवा. कुठली स्प्रिंग कशी होती याचा संशय आला की दुसऱ्या बाजूचा ड्रम काढून पाहता येते. ती आरशातल्यासारखी उलटी असते एवढेच ध्यानात ठेवायचे. तरी फोटो काढाच: समोरून, वरून, आणि अ‍ॅडजस्टरचा जवळून.

आधी प्रत्येक शूला पत्र्याशी धरून ठेवणारी पिन काढायची. मागून बोटाने पिनेचे डोके दाबून धरा, पुढून पकडीने स्प्रिंगची टोपी दाबून पिन पाव फेरा फिरवा, ती सुटते. मग खालची लांब स्प्रिंग, मग शू थोडे ओढून व्हील सिलिंडरवरून बाजूला घ्या, वरची स्प्रिंग आणि अ‍ॅडजस्टर काढा. स्प्रिंग सुटताना चेहरा तिच्या रेषेत नको, चष्मा लावलेला हवा. शेवटी मागच्या शूच्या लिव्हरमधून केबलचे टोक सोडवा. सगळे सुटे भाग जुन्या टॉवेलवर काढलेल्या क्रमाने मांडून ठेवा.

आता नीट तपासा, कारण एवढे उघडले आहे ते यासाठीच.

लायनरची जाडी पाहा. १ मिलिमीटरपर्यंत आले असेल तर शू बदलायचेच. मी दीड-दोनलाच बदलते, कारण पुन्हा उघडण्याची मेहनत वाचते. रिव्हेट असतील तर जाडी रिव्हेटच्या डोक्यापासून मोजायची. शू नेहमी दोन्ही चाकांचे एकत्र बदला, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. लायनरवर ऑइल मुरले असेल तर ते धुऊन जात नाही, जाळूनही जात नाही. ते शू गेले. ड्रमचा आतला कमाल व्यास ड्रमवरच कोरलेला असतो, त्यापुढे झिजलेला ड्रम वापरू नका.

व्हील सिलिंडरची रबरी टोपी हलकेच उचलून पाहा. आत ओल असेल तर सिलिंडर गळतो आहे. ते दुरुस्त केल्याशिवाय नवे शू लावणे म्हणजे तेही खराब करणे.

केबलचे सुटलेले टोक हाताने ओढून सोडा. ते सहज पुढे-मागे व्हायला हवे. आमचे शेत मोहोळच्या बाजूला आहे. पावसाळ्यात तिथली काळी माती चाकाच्या आत थापली जाते आणि वाळल्यावर विटेसारखी घट्ट होते. तिच्या ओलीने केबलच्या बाहेरच्या नळीचे टोक गंजते, आणि केबल ओढली तर जाते पण सोडली तर परत येत नाही. माझे डावे चाक तापले त्यात हाही भाग होता. अशा केबलमध्ये तेल सोडून चार दिवस बरे वाटते, मग पुन्हा तेच. बदलून टाका. शेतात जाणाऱ्यांनी पावसाळा संपला की पाण्याने मागच्या पत्र्याची माती धुऊन काढावी आणि धुतल्यावर थोडी गाडी चालवून ब्रेक वाळवावेत.

पुन्हा जोडणी

मागच्या पत्र्यावर शू ज्या उंचवट्यांवर घासतात, ते पॉलिश पेपरने साफ करून त्यांवर ग्रीसचा पुसट थर द्या, तुपाचे बोट लावल्याइतकाच. जास्त ग्रीस तापून लायनरवर येते. अ‍ॅडजस्टरचे आटे साफ करा, ग्रीस लावा आणि तो हाताने शेवटपर्यंत फिरतो का पाहा. दातेरी चाकाचे अ‍ॅडजस्टर डावे-उजवे वेगळे असतात, आटे उलटे असू शकतात. अदलाबदल झाली तर ब्रेक आपोआप जुळण्याऐवजी सैल होत जातो. हे होऊ नये म्हणूनही एका वेळी एक बाजू.

जोडताना उलटा क्रम. केबलचे टोक आधी लिव्हरमध्ये अडकवा, ती शू जागेवर धरून पिन लावा. अ‍ॅडजस्टर पूर्ण आखूड करून मध्ये बसवा, त्याची खाच लिव्हर आणि शू दोन्हीत नीट शिरली पाहिजे. दुसरी शू, वरची स्प्रिंग, खालची स्प्रिंग. हात ग्रीसचे असतील तर लायनरला शिवू नका. लागलेच तर ब्रेक क्लीनरने पुसा. शेवटी फोटोशी ताडून पाहा आणि शू हाताने दोन्हीकडे सरकवून मध्यभागी आणा.

दातेरी चाक असेल तर आता ते थोडे थोडे फिरवून ड्रम घालून पाहा. ड्रम हाताने फिरवला की आत हलकासा खसखस आवाज यावा, पण फिरणे अडू नये. जरा घट्ट वाटला तर दोन दाते मागे. हे तीन-चारदा करावे लागते, कंटाळू नका. पट्टीचा अ‍ॅडजस्टर असेल तर तो मागे घेऊन ड्रम बसवायचा, पुढचे काम पॅडल करते.

दोन्ही बाजूंचे ड्रम बसल्यावर गाडीत बसून पायाचा ब्रेक सावकाश वीसेक वेळा दाबा. सुरुवातीला मागून कट्-कट् आवाज येतो, तो अ‍ॅडजस्टरचा. आवाज थांबला आणि पॅडल वर, घट्ट लागू लागले की शू जुळले. काही गाड्यांत अ‍ॅडजस्टर हँडब्रेकच्या हालचालीवर चालतो, म्हणून केबल थोडी लावून दांडा आठ-दहा वेळा ओढून सोडा.

आता केबल

दांडा जोराने तीन-चार वेळा ओढा, म्हणजे केबल आपल्या जागी बसते. पूर्ण खाली करा. आता नट थोडा आवळा, दांडा एकेक खटका वर घ्या आणि दोन्ही चाके हाताने फिरवून पाहा. कोणी सोबत असेल तर हे काम पटकन होते. माझा मुलगा खटके मोजतो, मी चाके फिरवते. दांडा पूर्ण खाली असताना दोन्ही चाके मोकळी फिरली पाहिजेत, पहिल्या खटक्याला फार तर किंचित घासावीत, आणि पुस्तकात दिलेल्या खटक्यांपर्यंत दोन्ही हाताने न फिरण्याइतकी घट्ट व्हावीत. दोन खटक्यांतच धरत असेल तर ते चांगले लक्षण नाही, केबल जास्त आवळली गेली आहे.

एक चाक आधी धरते आणि दुसरे मागून, असे झाले तर नटाशी झगडू नका. उशिरा धरणाऱ्या बाजूचे शू नीट जुळलेले नाहीत किंवा तिची केबल अडकते आहे. परत त्या ड्रमकडे जा.

माप जमले की लॉक नट असेल तो घट्ट करा, चाके बसवा, नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, गाडी खाली घ्या आणि जमिनीवर पुन्हा एकदा पुस्तकातल्या टॉर्कने घट्ट करा.

तपासणी

आधी गल्लीतच चालण्याच्या वेगाने दोन-चारदा पायाचा ब्रेक लावून पाहा. मग तीन-चार किलोमीटर शक्य तितका कमी ब्रेक वापरून चालवा, थांबा आणि मागच्या दोन्ही चाकांजवळ तळहात न टेकवता धरा. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट गरम लागली तर तिकडे शू घासते आहे.

सोलापूर सपाट. रोजच्या वापरात हँडब्रेकची परीक्षा होतच नाही, आणि म्हणूनच इथे तो बिघडलेला कळायला उशीर होतो. मुद्दाम चढ शोधा, रहदारी नसलेला. गाडी न्यूट्रलमध्ये, पाय ब्रेकवर तयार, हँडब्रेक लावून पाय अलगद उचला. ही तपासणी दोनदा करा, एकदा तोंड चढाकडे आणि एकदा उताराकडे. मागे घसरताना आणि पुढे घसरताना वेगवेगळी शू जास्त ताण घेते, आणि तोंड उताराकडे असताना मागच्या चाकांवर वजनही कमी असते. एकीकडे धरले म्हणून दुसरीकडे धरेलच असे नाही.

नवे शू सुरुवातीला ड्रमला सगळीकडे टेकत नाहीत, थोडे घासून बसतात. म्हणून दोन-तीनशे किलोमीटरनंतर खटके पुन्हा मोजा, आणि गरज असेल तरच केबल अर्धा फेरा.

गाडी लावताना हँडब्रेकबरोबर गिअरही टाका: तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. मोटार वाहन कायदा, १९८८ मधले १२६ वे कलमही हेच मागते, की चालक सीटवर नसेल तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला असावा, किंवा गाडी आपोआप चालू लागणार नाही अशी दुसरी तजवीज केलेली असावी. फक्त पावसात भिजलेली किंवा नुकतीच धुतलेली गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल, तर सपाट जागी हँडब्रेक न लावता गिअर आणि ठोकळे वापरा, कारण ओले शू ड्रमला गंजून चिकटतात.

कोजागरीच्या आधी सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांच्या सोबत आमची गाडी पाण्याचे कॅन घेऊन सावकाश चालते, दर थोड्या अंतरावर थांबत, घाटातही. त्याच्या आठवडाभर आधी मी खटके मोजते. गेल्या वर्षी सहा होते, तसेच ठेवले.